एल्फला नाव कसं ठेवायचं (नावं ठेवायला बाकीचे आहेतच)

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो, चौघं ठाण्यातलेच आणि दोघं ट्रान्स-हार्बरने येतात, एक कोपरखैरण्याहून आणि एक पार सीवूड्सहून. माझं पहिलं कॅरेक्टर एल्फ रेंजर होतं (एल्फ म्हणजे काल्पनिक जगातली, माणसासारखी पण खूप जास्त जगणारी जात, रेंजर म्हणजे जंगलात हिंडणारा योद्धा). पावसाळ्यात येऊरला धुकं उतरतं ना, तसल्या जंगलात वाढलेला, कमी बोलणारा वगैरे. त्याचं नाव मी तीन तास बसून काढलं होतं: हिथ्लास. सिंदारिन नावाच्या एल्फांच्या भाषेत हीथ म्हणजे धुकं, लास म्हणजे पान, धुक्यातलं पान. व्याकरण चोख, अर्थ चोख, मी भयंकर खूश. टेबलावर पहिल्यांदा नाव सांगितलं आणि शेजारचा म्हणाला, "हिथं लाश? कुठाय?"

झालं. तिसऱ्या सेशनला गॉब्लिनांनी त्याला मारलं तेव्हा डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) अत्यंत गंभीर चेहऱ्याने खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, "हिथं." पुढची दहा मिनिटं कोणी फासे हातात घेऊ शकलं नाही.

तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. नवीन असाल, पहिल्यांदाच एल्फ घेताय आणि नावं बनवून देणाऱ्या जनरेटरमधून आलेलं काहीतरी झायलोरीएन टाइप नाव नकोय, तर क्रमाने करा, एका संध्याकाळचं काम आहे.

१. आधी डीएमला विचारा, जग कोणतं?

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर रडतात. "एल्फिश" नावाची एकच भाषा नाहीये. ज्याला खरंच व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे, ध्वनींचे नियम आहेत अशा एल्फ भाषा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या जे. आर. आर. टोल्किन यांनी बनवल्या, हे गृहस्थ (१८९२–१९७३) ऑक्सफर्डला भाषांचेच प्राध्यापक होते आणि त्यांच्या बाबतीत आधी भाषा आल्या आणि त्या बोलायला कोणीतरी हवं म्हणून मागाहून गोष्टी आल्या. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ सालचं, त्यातल्या एल्फांची भाषा म्हणजे मुख्यतः नावांच्या याद्या आहेत, त्यातून वाक्य बनवायला जाऊ नका, नाही बनणार.

तुमच्या डीएमचं जग स्वतःचं असेल तर तो बहुतेक म्हणेल, काहीही चालेल. मग टोल्किनच्या भाषा वापरा, पाया मजबूत आहे. पण तो म्हणाला की पुस्तकातल्यासारखंच हवं, तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पद्धत अशी आहे: लहानपणीचं एक नाव, मग शंभरी उलटल्यावर कधीतरी एल्फ स्वतःच स्वतःला मोठा जाहीर करतो आणि नवीन नाव घेतो, आणि घराण्याचं आडनाव असतं ज्याचं भाषांतर करून इतर लोकांना सांगतात. गालानोडेल म्हणजे मूनव्हिस्पर, नाइलो म्हणजे नाइटब्रीझ. आमच्याकडे अर्थातच त्याचं चंद्रकुजबुजे आणि रात्रवारे झालं, आणि खरं सांगू, सहस्रबुद्धे चालतं तर चंद्रकुजबुजे का नाही.

२. सामान

- एक वही. मोबाइलवर नोट्स काढल्या की त्या हरवतात, मी दोनदा हरवल्या.
- एल्डामो नावाचा ऑनलाइन कोश. टोल्किनने कोणता शब्द कधी लिहिला हे त्यात कळतं.
- पार्फ एधेल्लेन, हा पण ऑनलाइन शब्दकोश. इंग्रजी शब्द टाकला की एल्फ भाषांतले पर्याय दाखवतो, शोधायला सोपा.
- शाळेचं मराठी व्याकरणाचं पुस्तक. चेष्टा नाही, पायरी ५ आणि ६ ला लागेल.
- एक मित्र, जो तोंडावर हसेल.

"तुमचं नाव एल्फिशमध्ये" म्हणून अक्षराला अक्षर बदलून देणाऱ्या साइट लागत नाहीत. टोल्किनची तेंग्वार लिपीही लागत नाही, लिपी आणि भाषा वेगळी, देवनागरीत हिंदीपण लिहितात म्हणून हिंदी मराठी होत नाही. (तेंग्वार नंतर वेळ काढून बघाच मात्र. अक्षरांची मांडणी उच्चाराच्या जागेप्रमाणे, दंत्य एका ओळीत, ओष्ठ्य एका ओळीत, आणि स्वर म्हणजे वर-खाली दिलेल्या खुणा. आपल्याला बघितल्याबरोबर ओळखीचं वाटतं.)

३. भाषा एकच धरा

मुख्य दोन. क्वेन्या, ही फिनिश भाषेच्या प्रेमातून आली, स्वर भरपूर, गोल गोल. आणि सिंदारिन, तिच्यावर वेल्शचा प्रभाव, जरा टोकदार. आपल्या हिशोबाने सांगायचं तर क्वेन्या संस्कृतसारखी, जुनी, समारंभाची, आणि सिंदारिन रोजच्या बोलण्यातली. दरबारी जादूगार असेल तर क्वेन्या छान वाटते, जंगलात हिंडणारा असेल तर सिंदारिन. सक्ती नाही, पण दोन्हींचे तुकडे एका नावात कोंबू नका. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात कारण शब्द एकमेकांचे भाऊबंद वाटतात:

- तारा: क्वेन्यात एलेन, सिंदारिनमध्ये एल किंवा गिल
- चंद्र: इसिल, इथिल
- सूर्य: आनार, आनोर
- झाड: आल्दा, गालाध
- पान: लास्से, लास
- फूल: लोते, लोथ
- चांदी: तेल्पे, केलेब
- वारा: सूरे, सूल
- लाल: कार्ने, कारान
- पाणी: दोन्हीकडे नेन (क्वेन्यात ए लांब)
- राजा: दोन्हीकडे आरान

क्वेन्या ओळखायची सोपी खूण म्हणजे शब्द एकतर स्वराने संपतो नाहीतर त, र, ल, स, न यापैकी एकाने. मी "तरल सन" असं पाठ केलंय. आणि ब, द, ग हे सुटे येतच नाहीत, म्ब, न्द, ङ्ग, ल्द, र्द असे जोडीनेच येतात, म्हणजे तुमचं नाव ग ने सुरू होत असेल तर ते क्वेन्या नाही, विषय संपला. सुरुवातीला ग्ल, थ्र, ब्र असलं जोडाक्षर असेल तर तेही सिंदारिन.

कोशातला एक सापळा: १९३० च्या दशकातल्या टोल्किनच्या शब्दसूचीत नोल्दोरिन नावाची भाषा दिसेल. तीच पुढे बदलत बदलत सिंदारिन झाली. तिथले शब्द वापरता येतात पण काहींचं रूप नंतर बदललेलं आहे, त्यामुळे नोल्दोरिन असा शिक्का दिसला की सिंदारिनमध्ये तोच शब्द आहे का हे आधी बघा.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकतो. रोमन लिपीत सी दिसला की तो कायम क. केलेबोर्न, सेलेबोर्न नाही. रोमन ए (a) हे अक्षर म्हणजे आपला अ नाही, आखूड आ. आणि स्वरावर दोन टिंबं दिसली तर घाबरू नका, तो स्वर वेगळा म्हणायचा एवढंच, फे-आ-नोर. वहीत पहिल्यापासून देवनागरीत लिहा, अर्धे घोळ तिथेच मिटतात.

४. अर्थ मराठीत लिहा, आणि छोटा ठेवा

"चांदण्या रात्री समुद्राकाठी गाणारी शूर कन्या" हे नाव नाही, निबंध आहे. दोन शब्द, फार तर. टोल्किनची स्वतःची नावं बघा: आर्वेन म्हणजे उदात्त युवती, केलेबोर्न म्हणजे रुपेरी झाड, एलेन्दिल म्हणजे ताऱ्यांचा प्रेमी. लेगोलास म्हणजे हिरवी पानं, बस.

शेवटाला लावायला तयार तुकडे मिळतात. -इओन म्हणजे मुलगा, -इएल म्हणजे मुलगी, -वेन म्हणजे युवती, -दिर सिंदारिनमध्ये पुरुष, -न्दिल क्वेन्यात प्रेमी, -न्दुर सेवक. अख्ख्या टोळीला नाव द्यायचं असेल तर सिंदारिनमध्ये -रिम लावा, गालाध्रिम म्हणजे झाडांवरची मंडळी. आपलं ठाणेकर, पनवेलकर तसं समजा.

५. जोडणी

आता मजा. आपण मराठी लोक इथे इंग्रजीवाल्यांच्या खूप पुढे आहोत आणि आपल्याला ते माहीतच नसतं.

पहिली गोष्ट, क्रम. एलेन + न्दिल = एलेन्दिल. मुख्य शब्द शेवटी, आधीचा त्याचं वर्णन करणारा. हा सरळ सरळ तत्पुरुष समास आहे, ताराप्रेमी. विग्रह करता आला पाहिजे: ताऱ्यांचा प्रेमी. नवखे लोक उलटं जोडतात आणि "पानातलं धुकं" होऊन बसतं.

दुसरी, संधी. सिंदारिनमध्ये दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन बऱ्याचदा मऊ होतं. प चा ब, त चा द, क चा ग, ब आणि म चा व, स चा ह, आणि ग तर गायबच होतो. इंग्रजीतले मार्गदर्शक यावर पानंच्या पानं लिहितात जणू काही अघटित घडलंय. आपण सातवी-आठवीत जगत् + ईश = जगदीश केलंय, वाक् + ईश = वागीश केलंय. तेच आहे हे. जहाजं बांधणारा एल्फ आहे ना, कीर्दान, त्याचं नाव कीर म्हणजे जहाजं आणि तान म्हणजे घडवणारा, त चा द झाला. स चा ह पण अनोळखी नाही, सिंधूचं हिंदू इराणी भाषांत झालं, आणि फारसीतून आलेला आपला हप्ता सप्ताहाचाच भाऊबंद आहे. टोल्किनने एका ठिकाणी "अर्धा शहाणा" या अर्थाचं नाव केलंय, पेर म्हणजे अर्धा, साएल म्हणजे शहाणा, आणि जोडल्यावर पेरहाएल.

पण नियम दिसला की दामटून लावू नका. टोल्किनच्याच नावांत काही ठिकाणी व्यंजन बदलत नाही. म्हणून मी असं करतो की जो तुकडा वापरायचाय तो त्यांच्या एखाद्या नावात आलाय का ते एल्डामोत बघतो, आला असेल तर तिथे काय झालंय तेच आपण करायचं.

आणि ध-द नीट बघा. गालाध म्हणजे झाड. गालाद म्हणजे तेज. गालाद्रिएल या नावात तेज आहे, झाड नाही, तिच्या केसांच्या तेजस्वी मुकुटावरून पडलेलं नाव, पण ती झाडांवर राहणाऱ्या लोकांची स्वामिनी असल्यामुळे त्या जगातले लोकसुद्धा चुकून गालाध्रिएल म्हणायचे. खुद्द त्यांच्याच जगात घोळ होतो तर आपण कोण. तरी तपासा.

६. जोर कुठे द्यायचा

दोन अक्षरी नावात पहिल्यावर. त्याहून मोठं असेल तर शेवटून दुसरं अक्षर बघा: ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. गुरू कधी? स्वर दीर्घ असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल तेव्हा. हो, वृत्तं ओळखताना यमाताराजभानसलगा करायचो तेच. एलेन्तारी, ता दीर्घ, म्हणून एलेन्ताऽरी. इसिल्दुर, सि च्या पुढे ल्द, म्हणून इसिऽल्दुर. लेगोलास, गो लघु धरायचा (यांच्यात ए आणि ओ आखूड पण असतात, आपल्यासारखे कायम दीर्घ नाहीत), म्हणून लेऽगोलास. लेगोलाऽस म्हणणारे खूप भेटतील, त्यांना सोडून द्या.

७. मराठी कान लावा

हिथ्लास इथे मेला.

शब्दकोशात अर्थ कितीही सुंदर असो, टेबलावर बसलेल्या माणसाचा कान मराठी आहे, आणि तो नाव ऐकल्याबरोबर स्वतःचा अर्थ शोधतो. काही मासले, सगळे खरे शब्द:

सिंदारिनमध्ये मोर म्हणजे काळा, अंधारा. तुम्ही कितीही भीषण काळोखी योद्धा बनवा, लोकांना पिसारा दिसणार.

क्वेन्यात काला म्हणजे प्रकाश. आपल्याकडे एकतर हिंदीतला काला, म्हणजे काळा, नाहीतर गोपाळकाला.

वान्या म्हणजे सुंदर, गोरीगोमटी. मराठीत वन्य.

रामा म्हणजे पंख. नावात घातलात की दर सेशनला रामराम.

तारी म्हणजे राणी, तारा नाही. एलेन्तारी म्हणजे ताऱ्यांची राणी, यात तारा तो एलेन. हा उलटा सापळा, कारण कानाला बरोबर वाटतं आणि अर्थ चुकतो. टोल्किनच्या गोष्टींत या नावाची देवी आहे, तिचंच दुसरं नाव वार्दा, ते मात्र आपल्याकडच्या कुठल्याही वरदाला खूश करून टाकेल.

आरान म्हणजे राजा, आणि सोलापूरच्या माढा तालुक्यात अरण आहे, सावता माळ्यांचं गाव. हे मला आवडतं, ठेवा.

नुसतं मनात वाचून हे कळत नाही. मित्राला नाव एकदाच सांगा, स्पेलिंग न दाखवता, आणि काय ऐकलं ते लिहायला सांगा. मी हिथ्लासच्या वेळी फक्त कागदावर बघत बसलो होतो.

८. पुढील स्टेशन टेस्ट

लोकलच्या अनाउन्समेंटच्या आवाजात म्हणून बघायचं: "पुढील स्टेशन..." आणि तुमचं नाव. अडखळलात तर नाव लांब आहे. आमच्या सीवूड्सवालीने खाडीतले फ्लेमिंगो बघून क्वेन्यात नाव बनवलं, तिथे फ्लेमिंगोला शब्द नाही म्हणून लाल हंस, कार्ने जोडताना कार्नि होतं आणि हंस म्हणजे आल्क्वा, कार्निआल्क्वा. कल्पना एक नंबर. पहिल्याच लढाईत डीएम घाईत ओरडला, "कार्निवल, तुझा टर्न!" आणि आजतागायत ती कार्निवल आहे.

चार अक्षरांपुढे गेलात की लोक तोडणारच, कोपरखैरण्याचं कोपर होतं तिथे तुमच्या एल्फची काय कथा. तेव्हा तोडलेलं रूप काय होईल ते आधीच बघा, नावाचा पहिला तुकडा स्वतंत्रपणे बरा वाटला पाहिजे.

टोल्किनच्या एखाद्या नावाला फार चिकटून तर नाही ना हेही आत्ताच बघून घ्या. मी हिथ्लासच्या आधी हिथ्रान्दिर ठरवलं होतं, धुक्यातला भटक्या. रान्दिर म्हणजे भटक्या, आणि एल्फ लोक टोल्किनच्या जादूगाराला, गँडाल्फला, मिथ्रान्दिर म्हणतात, करडा भटक्या. डीएमने विचारलं, चुलत भाऊ का?

९. बाकीची नावं (हौस असेल तर)

टोल्किनच्या थोर एल्फांना एकच नाव नसतं. बापाने ठेवलेलं एक, आईने ठेवलेलं एक, आणि आईचं बऱ्याचदा मुलाचा स्वभाव किंवा नशीब ओळखून ठेवलेलं असतं. मग लोकांनी किंवा कोणी जवळच्याने पुढे दिलेलं एक, त्याला एपेस्से म्हणतात. फेआनोरचं बापाकडचं नाव कुरुफिन्वे, आणि आईने ठेवलं फेआनारो, आगीचा आत्मा, आणि पुढे त्याने जे काय उद्योग केले ते बघता आईला बरोबर कळलं होतं. गालाद्रिएलचं बापाने ठेवलेलं आर्तानिस, आईने ठेवलेलं नेर्वेन, आणि ज्या नावाने ती ओळखली जाते ते नवऱ्याने दिलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहितात ते नाव म्हणा ना. फरक इतकाच की ते तिने स्वतः आवडून ठेवून घेतलं.

खेळात याचा उपयोग होतो. आईने ठेवलेलं नाव फक्त तुम्हाला आणि डीएमला माहीत असू द्या, दहाव्या सेशनला कोणीतरी अनोळखी म्हातारी तुम्हाला त्या नावाने हाक मारते, आणि मग बघा टेबलावर कशी शांतता पसरते.

१०. कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहिताना

नाव देवनागरीत, खाली रोमनमध्ये, शेजारी विग्रह, आणि जोर असलेल्या अक्षराखाली रेघ. डीएमला एक कॉपी द्या, घाईत तोच जास्त वेळा ओरडणार आहे. घराण्याचं नाव असेल तर त्याचं मराठी भाषांतर तुम्हीच लिहून ठेवा, नाहीतर दुसरे करतील आणि तुम्हाला आवडणार नाही.

माझं सध्याचं कॅरेक्टर ड्रुइड आहे, म्हणजे निसर्गाची जादू करणारी, तलावाकाठची. ठाण्याचा माणूस तलाव सोडून कुठे जाणार. नेन म्हणजे पाणी, -इएल म्हणजे मुलगी, नेनिएल, पाण्याची लेक. संधीची भानगड नाही, जोर पहिल्या ने वर, स्टेशन टेस्टमध्ये पास, मित्राने ऐकून बरोबर लिहिलं. सगळ्या पायऱ्या केल्या.

दुसऱ्या सेशनला, लढाईत कोणाचा नंबर आधी हे ठरवायला फासे टाकायची वेळ आली तेव्हा, कोपरखैरणेवाला म्हणाला, "नेनेकाकू, इनिशिएटिव्ह टाका." आता सगळे तेच म्हणतात. मीही ओ देतो.